पाद्र्याची मदत घ्यावी काय?

गरीब घरच्या मुलाच्या शाळेचा, कपड्याचा व औषधपाण्याचा खर्च एखादी ख्रिस्ती संस्था करीत असेल तर ती मदत घ्यावी की नाकारावी, हा प्रश्न आमच्या दिवाळे गावात व आसपासच्या कोळी-आगरी वस्त्यांत आम्हांस पुष्कळदा विचारला जातो. विचारणारा बाप बहुधा खलाशी किंवा बिगारी असतो, आई मासळीची पाटी घेऊन बाजारात बसणारी असते. त्यांना सल्ला देणाऱ्यांचा तोटा नाही. एक म्हणतो, घेऊ नका, धर्म बुडेल. दुसरा म्हणतो, फुकट मिळते ते सोडणारा मूर्ख. या दोघांपैकी त्या मुलाच्या वहीचे पैसे मात्र एकही देत नाही. शाळामास्तर या नात्याने त्या मुलांशी आमची रोजची गाठ असल्यामुळे आम्हांस या विषयावर गप्प बसणे शक्य नाही.

आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. मूल उपाशी असेल किंवा त्याची शाळा सुटत असेल तर मदत जरूर घ्यावी. कोणाची आहे हे मागाहून पाहावे. परंतु ती डोळे उघडे ठेवून घ्यावी, आणि आपल्या गावच्या मुलाला सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाने पोसावे लागते याची लाज आईबापांनी नव्हे, तर गावाने व सरकारने बाळगावी. असे का म्हणतो ते क्रमाने सांगतो.

प्रथम ही व्यवस्था चालते कशी ते समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत, इंग्लंडात किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाला संस्था मुलांचे फोटो दाखवते. त्यांतले एक मूल ते कुटुंब निवडते आणि दरमहा ठरावीक रक्कम भरते. हा पैसा मुलाच्या आईच्या हातात रोख येत नाही. तो संस्थेच्या मोठ्या कचेरीतून गावच्या केंद्राकडे येतो. पुष्कळदा हे केंद्र तिथल्या चर्चनेच चालवलेले असते. तिथे मुलाला शाळा सुटल्यावर शिकवणी, खाणे, वह्या, गणवेश व डॉक्टरची तपासणी मिळते, आणि बहुतेक ठिकाणी बायबलातल्या गोष्टीही सांगितल्या जातात. त्याच्या बदल्यात मुलाने त्या परदेशी कुटुंबाला अधूनमधून पत्र लिहावयाचे असते. पत्राचे भाषांतर होऊन ते पलीकडे जाते, सोबत नवा फोटो जातो, आणि मूल वाढले, वरच्या इयत्तेत गेले हे पाहून तिकडच्या घरी समाधान वाटते. कोरियातील लढाईने अनाथ झालेल्या मुलांसाठी एव्हरेट स्वॉन्सन नावाच्या अमेरिकन पाद्र्याने १९५२ साली हे काम आरंभले, आणि त्यातूनच ‘कंपॅशन इंटरनॅशनल’ ही जगभर पसरलेली संस्था उभी राहिली. ‘वर्ल्ड व्हिजन’ ही दुसरी मोठी संस्था त्याआधी दोन वर्षे, १९५० साली निघाली.

मात्र ही रीत कोरियातच जन्मली असे कोणी समजू नये. आमच्या महाराष्ट्राच्या मातीत तिची मुळे त्याहून पन्नास वर्षे जुनी आहेत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पाठोपाठ पडले. गावेच्या गावे ओस पडली, आईबाप वाटेत मेले, आणि पोरे रस्त्यावर आली. त्या वेळी न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने आपल्या वाचकांकडून वर्गणी गोळा केली, १९०० साली ‘क्विटो’ नावाचे जहाज भरून मका मुंबईला धाडला, आणि पाठोपाठ वाचकांना सांगितले की वर्षाला पंधरा डॉलर द्या व हिंदुस्थानातले एक अनाथ मूल सांभाळा. पंधरा डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने पंचेचाळीस रुपयांच्या आसपास. नगर, सोलापूर या भागांत अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रमांतून अशा मुलांनी आसरा घेतला, सुतारकाम, विणकाम असे धंदे शिकले आणि जगली. ती ज्यांची पोरे होती त्या शेतकऱ्यांच्या व बलुतेदारांच्या दारात सारा वसूल करणारे येत होते, व्याज वसूल करणारे येत होते, दक्षिणा मागणारेही येत होते. भाकरी घेऊन कोण आले, याचा जबाब इतिहासाने लिहून ठेवला आहे.

पंडिता रमाबाईंची हकीकत तर सर्वांना ठाऊक असावी. त्यांच्या कामासाठी १८८७ साली अमेरिकेत बोस्टन येथे एक मंडळी स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे वर्गणी देण्याचे पत्करले. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, पुढे ते पुण्यास गेले. विधवा मुली तिथे शिकू लागल्या. परंतु काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे दिसू लागताच १८९३ साली पुण्यात गहजब उडाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि पुष्कळांनी आपल्या मुली काढून नेल्या. काढून नेलेल्या त्या मुलींना पुढे कोणती शाळा दिली? बहुतेकींना स्वयंपाकघराचा अंधारा कोपराच मिळाला. रमाबाईंनी मात्र १८९७ च्या सुमारास मध्यप्रांतातून व पुढे गुजरातेतून दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली उचलून आणल्या आणि दौंडजवळच्या केडगावी त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे केले. ते आजही उभे आहे.

या प्रकरणात एकाचे नाव न्यायाने वेगळे काढले पाहिजे. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली लग्न केले आणि १८९६ साली स्वतः विधवांसाठी आश्रम काढला. पाद्र्याचे घर पसंत नसेल तर आपले घर बांधावे, हा सरळ मार्ग त्यांनी धरला. बाकीच्यांनी वर्तमानपत्रांचे रकाने तेवढे भरले.

आता कोणी विचारील, या मदतीने मुलांचे खरोखर कल्याण होते काय, की फोटो काढून पैसे जमवण्याचा तो धंदा आहे? तशी शंका परदेशांतही घेतली गेली आहे. ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ या इंग्लंडच्या मासिकाने १९८२ सालीच, अशी मुले दत्तक घेऊ नका, असे आपल्या वाचकांना बजावले होते. पण नुसत्या शंकेवर निकाल देणे बरे नव्हे. २०१३ साली ब्रूस वायडिक व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कंपॅशनच्या कामाची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. सहा देशांतली दहा हजारांहून अधिक माणसे त्यांनी तपासली. त्यांत हिंदुस्थानही होता. मदत मिळालेली मुले न मिळालेल्यांपेक्षा सरासरीने एक ते दीड वर्ष जास्त शिकली, माध्यमिक शाळा पुरी करणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात बरेच अधिक निघाले, आणि मोठेपणी त्यांना पगारी नोकऱ्याही अधिक मिळाल्या. दीड वर्षाचे शिक्षण म्हणजे काय ते आम्ही मास्तर जाणतो. आठवीत सुटणारे पोर दहावीच्या उंबऱ्यापर्यंत पोचते ते एवढ्याच वर्षा-दीड वर्षाच्या जोरावर. तेव्हा या मदतीला सरसकट लबाडी म्हणणे खोटेपणाचे आहे.

मदत उपयोगी आहे म्हणून ती निर्दोष आहे असे मात्र नव्हे. आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप निवडीचा. पन्नास फोटोंतून एक चेहरा पसंत करावयाचा, हा बाजार झाला. ज्याचा चेहरा गोड त्याला लवकर यजमान मिळतो. खरजेने अंग भरलेले, तिरळे, रडके पोर मागे राहते. एका घरातल्या चार भावंडांतून एकाला नवी चप्पल मिळाली, वाढदिवसाला पलीकडून भेट आली, आणि तिघे पाहत राहिले, तर त्या घरात काय होत असेल, हे ज्याने चार मुलांना एका भाकरीचे चार तुकडे करून दिले आहेत त्या आईला विचारावे.

दुसरा आक्षेप उपकाराचा. आठ वर्षांच्या मुलाने आपल्या ताटातल्या घासाबद्दल दर काही महिन्यांनी आभाराचे पत्र लिहावे, ही शिकवण आम्हांस घातक वाटते. आमचा बहुजनसमाज पिढ्यान्‌पिढ्या हात जोडून उभा राहिला. पाटलापुढे, कुळकर्ण्यापुढे, सावकारापुढे, भटजीपुढे वाकून त्याची पाठ मोडली. शाळेत आम्ही ती पाठ सरळ करू पाहतो. शाळेतली खिचडी पाहा. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न शाळेतच द्या असा हुकूम केला, आणि आज पहिलीपासून आठवीपर्यंतचे मूल ते खाते. खाताना ते कोणालाही पत्र लिहीत नाही. खिचडी कधी पातळ असते, कधी तिच्यात खडे निघतात. त्याबद्दल आम्ही तक्रार करू शकतो, कारण ती हक्काची आहे. उपकाराच्या अन्नाबद्दल तक्रार करता येत नाही.

तिसरा आक्षेप धर्माचा, आणि इथे आम्हांस कोणी चुकीचे समजू नये. धर्म बदलणे हा पाप आहे असे आम्ही मानीत नाही. महात्मा जोतीराव फुले स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांच्या चांगल्या कामाची त्यांनी मोकळेपणे स्तुती केली, तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. उलट १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात त्यांनी असे घर कल्पिले की ज्यात नवरा-बायको, मुलगा-मुलगी वेगवेगळ्या धर्मांचे असूनही गोडीगुलाबीने नांदतात. ज्याची बुद्धी ज्या धर्मावर बसेल तो त्याने घ्यावा, हेच खरे. परंतु बुद्धी बसण्यापूर्वी पोट भरलेले असले पाहिजे. ताटाशेजारी ग्रंथ ठेवून, ग्रंथ वाचला तरच ताट सरकवायचे, हा सौदा पाद्र्याने केला तरी वाईट, मठाने केला तरी वाईट, आणि मौलवीने केला तरी वाईट. मोठ्या माणसाने समजून-उमजून धर्म बदलला तर तो त्याचा अधिकार. नऊ वर्षांच्या मुलाच्या भुकेवर कोणीही आपला झेंडा रोवू नये. म्हणून आईबापांनी मदत घेताना उघड विचारावे : मुलाने प्रार्थनेस बसले नाही तर मदत चालू राहील काय? होय असे उत्तर मिळाले व तसे वागणे दिसले तर संकोच नको. नाही असे उत्तर आले तर दुसरे दार ठोठवावे.

पण दुसरे दार आहे कोठे? आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म इथे आहे.

२०१६ साली केंद्र सरकारच्या गृहखात्याने कंपॅशनवर निर्बंध घातला की परदेशातून पैसा आणण्यापूर्वी दर वेळी परवानगी घ्यावी. मुलांच्या मदतीच्या आड धर्मांतर चालते, असा सरकारी बाजूचा आरोप होता. संस्थेने तो नाकारला. परवानगी मिळेना, आणि मार्च २०१७ मध्ये, सुमारे ४८ वर्षांच्या कामानंतर, संस्थेने हिंदुस्थानातला आपला कारभार बंद केला. तेव्हा तिच्या पटावर सुमारे १ लाख ४५ हजार मुले होती. पुढे २०२० साली परकीय देणग्यांचा कायदा आणखी आवळला गेला आणि एका संस्थेने आणलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देण्याची वाट बंद झाली. गावोगावच्या लहान केंद्रांचा जीव त्या वाटेवरच होता.

परकी पैसा कोठून येतो, कोठे जातो हे पाहण्याचा सरकारला अधिकार आहे; तो आम्ही नाकारीत नाही. हिशेब चुकला तर संस्थेला शिक्षा व्हावी. पण आमचा साधा सवाल आहे. एक दार बंद करताना त्या १ लाख ४५ हजार पोरांसाठी दुसरे कोणते उघडले? धर्म वाचला म्हणून ज्यांनी पेढे वाटले, त्यांनी त्यांतल्या किती मुलांच्या शाळेची फी भरली? गाय वाचवावयास जितके लोक रस्त्यावर येतात, त्यांच्या शंभराव्या हिश्श्याने गुराख्याच्या पोराकडे पाहिले असते तर पाद्र्याला या देशात काम उरले नसते. पाण्याच्या तळ्यावर माणसाला जाऊ द्यावयाचे नाही, देवळाच्या पायरीवर उभे करावयाचे नाही, आणि तो दुसऱ्याच्या दारी गेला की धर्म बुडाला म्हणून ऊर बडवावयाचा, हा ढोंगीपणा जुना आहे.

आता आपल्याच लोकांनी दाखवलेली वाट पाहू. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव, सावित्रीबाई व सत्यशोधक समाजाची मंडळी यांनी पुण्याजवळ धनकवडीस व्हिक्टोरिया बालाश्रम काढून उपाशी मुलांना जेवू घातले. कोणाच्या पोराची जात विचारली नाही. शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली; १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, आणि तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीस बसवली. मुलांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. खेड्यांतल्या घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा झाले, त्यालाच मुष्टिफंड म्हणत. मूठ देणाऱ्या बाईला कोणत्या मुलाने आपली मूठ खाल्ली ते ठाऊक नव्हते, मुलाला ती कोणाची ते ठाऊक नव्हते, म्हणून कोणी कोणापुढे वाकले नाही. मुले श्रम करून शिकली व ताठ मानेने बाहेर पडली. पाद्र्याच्या व्यवस्थेतली उणीव भरून काढणारी रीत आपल्याच रयतेने शंभर वर्षांपूर्वी शोधली होती. ती आपण विसरलो.

सरकारनेही काही दारे कागदावर उघडली आहेत. ज्या मुलाचे आईबाप दोन्ही नाहीत, किंवा एकच पालक आहे, किंवा पालक असाध्य आजाराने खिळला आहे, अशा मुलासाठी महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे, आणि २०२३ साली तिची रक्कम वाढवून मुलामागे दरमहा २,२५० रुपये केली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ च्या नियमांप्रमाणे पात्र मुलाला दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. दोन्हींसाठी अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास खात्याकडे करावयाचा असतो.

कागदावरचे दार प्रत्यक्षात किती जड असते ते आम्ही पाहिले आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने, नवरा वारल्यावर, असा अर्ज केला. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, शाळेचा दाखला, बँकेचे पुस्तक, सर्व कागद आम्ही जमवून दिले. एका कचेरीत तिला पाच वेळा परत पाठवले. कधी साहेब नाही, कधी सही जुळत नाही. मासळी विकणाऱ्या बाईचा एक फेरा म्हणजे एक दिवसाचा धंदा बुडाला. सहाव्या वेळी ती म्हणाली, “मास्तर, तुमच्या सरकारापेक्षा तो पाद्री बरा. तो घरी येऊन विचारतो तरी.” या बोलण्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. १९७० पासून आमच्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसली. दिवाळ्याच्या हाकेच्या अंतरावर बेलापुरात सिडको भवन आहे, कोकण भवन आहे, महापालिकेचे मुख्यालय आहे. इतक्या कचेऱ्यांच्या सावलीत राहणाऱ्या मुलाचा कागद हलत नसेल, तर दूर डोंगरातल्या कातकऱ्याच्या मुलाची गत काय होत असेल?

म्हणून, दिवाळ्याच्या व अशा सर्व गावांच्या बंधुभगिनींनो, आमचे सांगणे तीन गोष्टींचे आहे.

पहिली, गावातल्या निराधार मुलांची यादी गावानेच करावी. शिकलेल्या तरुणांनी दोन-दोन घरे वाटून घ्यावी, अर्ज भरावे, आणि कचेरीत आईला एकटीला पाठवू नये. चार जणांनी सोबत जावे. एकट्या बाईला उद्या या म्हणणारा कारकून चार माणसांना आज बसा म्हणतो.

दुसरी, गावाने मुलांचा वाटा काढावा. आपल्याकडे बोट किनाऱ्याला लागली की मासळीच्या पैशाचे वाटे पडतात : बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचा वाटा. त्यात शाळेचा एक लहान वाटा घालावा. ज्यांच्या बोटी उरल्या नाहीत व नोकरीवर गेले, त्यांनी पगारातून द्यावा. शंभर घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाला १ लाख २० हजार होतात. हळदीच्या एका रात्रीच्या डीजेवर, मंडपावर व दारूवर आपल्याकडे किती उधळले जातात याचा हिशेब ज्याचा त्याने मनात करावा. आम्ही आकडा सांगितला तर राग येईल. या निधीचा हिशेब दर नारळी पौर्णिमेस गावापुढे वाचून दाखवावा, आणि मदत घेणाऱ्या मुलाचे नाव मात्र वाचू नये. फोटो नको, फलक नको, देणाऱ्याचा सत्कार नको.

तिसरी, तोपर्यंत जी आई पाद्र्याची मदत घेते तिला कोणी टोचून बोलू नये. जातपंचायतीचा धाक दाखवू नये. ज्याला ते दुखते त्याने तिच्या मुलाची फी भरावी आणि मग बोलावे. परदेशातला जो माणूस आपल्या कमाईतून न पाहिलेल्या मुलासाठी पैसे धाडतो, त्याच्या भल्या मनाला आम्ही नाव ठेवीत नाही. त्याचे देणे त्याला शोभते. गावातल्या मुलाकडे पाठ फिरवून त्या परक्याला नावे ठेवणे मात्र आपल्याला शोभत नाही.

नवे शाळावर्ष जूनमध्ये सुरू होते. त्याआधी गावाची सभा भरवून यादी व वाटा ही दोन कामे ठरवावी. यादी लिहिण्याचे काम आम्ही फुकट करू.